थोरल्यांची चार मिनिटं

पाकीट आलं तेव्हा धाकटे खिडकीशी उभे राहून दाढी करत होते. पोस्टमनने ते दाराच्या फटीतून आत सरकवलं, पण पाकीट मध्ये फुगीर असल्यामुळे ते फटीतच अडकलं. पोस्टमन बाहेरून ढकलतोय आणि धाकटे एका गालाला फेस तसाच ठेवून आतून ओढतायत, असं बराच वेळ चाललं. शेवटी दार उघडावं हा उपाय दोघांना एकदमच सुचला.

पाकिटावरचं अक्षर वहिनींचं होतं. आत कापसात गुंडाळलेला एक पेनड्राइव्ह आणि चार ओळींची चिठ्ठी. "भाऊजी, हे ह्यांनी तुमच्यासाठी बोलून भरलंय. तुम्ही एकट्यानेच ऐकायचं, असं ह्यांनी बजावून सांगितलंय. मी यातलं काही फोनवर सांगायचं नाही, अशी मला शपथ घातलीय. पण लवकर ऐका." 'लवकर' या शब्दाखाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

आता ज्या माणसाने चौतीस वर्षं 'तातडीचे' असा तांबडा शिक्का मारलेली पाकिटं आठ-आठ दिवस टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात पिकत ठेवली, त्याच्यावर दोन रेघांचा काय परिणाम होणार? धाकट्यांनी आधी दुसरा गाल उरकला.

धाकटे म्हणजे पाणीपुरवठा खात्याच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झालेले हेडक्लार्क. लग्न राहून गेलेलं, दोन खोल्यांत एकटे राहत. थोरले म्हणजे त्यांचे सख्खे भाऊ, चार तासांवरच्या गावात एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा करणारे. आवाज असा, की फलाट सातवर कुणी झोपला असेल तर तो उठून एकच्या गाडीत बसावा. घरातलं सगळं बोलणं जणू थोरल्यांच्या वाट्याला आलं होतं आणि सगळं गप्प बसणं धाकट्यांच्या. पन्नासेक वर्षं ती वाटणी दोघांनाही मान्य होती.

बिनसलं ते धाकट्यांच्या निरोप समारंभात. थोरल्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं आणि ते चाळीस मिनिटं बोलले. त्यात त्यांनी एक किस्सा सांगितला. धाकट्यांकडे एकदा दोन टेबलांचा कारभार होता. पहिल्या टेबलावरून त्यांनी दुसऱ्या टेबलाला, म्हणजे स्वतःलाच, पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही म्हणून स्वतःला स्मरणपत्र पाठवलं. त्यालाही उत्तर आलं नाही, तेव्हा स्वतःकडून लेखी खुलासा मागवला आणि तो असमाधानकारक वाटल्याने स्वतःलाच सक्त ताकीद दिली. हे सगळं थोरल्यांनी स्टँडच्या आवाजात सांगितलं. हॉल कोसळायचा बाकी राहिला. मोठे साहेब डोळे पुसत होते. किस्सा अक्षरन् अक्षर खरा होता, हीच त्यातली वाईट गोष्ट. त्या दिवसापासून रस्त्यात भेटणारा प्रत्येक जुना सहकारी धाकट्यांना "काय, स्मरणपत्र?" अशी हाक मारू लागला. धाकट्यांनी थोरल्यांशी बोलणं टाकलं. थोरल्यांचा फोन तीनदा आला, तीनदा त्यांनी आवाज ओळखून खाली ठेवला. सहा वर्षं झाली या गोष्टीला.

आणि आता हा पेनड्राइव्ह.

धाकट्यांच्या बैठकीच्या खोलीत खिडकीखाली एक कॉम्प्युटर होता. खात्याने जुनी यंत्रं मोडीत काढली तेव्हा त्यांनी त्यातलं एक घरी आणलं होतं. त्यावर ते आलेल्या-गेलेल्या पत्रांची नोंद ठेवत. पत्रं महिन्याला दोन येत आणि एकही जात नसे, पण नोंद चोख. त्यांनी पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर एकच फाइल आली. नाव 'धाकट्यासाठी', लांबी चार मिनिटं अठरा सेकंद. त्यांनी दाराची कडी लावली, खिडकी बंद केली, खुर्चीत ताठ बसले आणि दोनदा टिचकी मारली.

यंत्राने विचारलं, ही फाइल कशाने उघडू?

हा प्रश्न धाकट्यांना उद्धटपणाचा वाटला. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये गाणीबिणी वाजवायचा एक प्लेअर जन्मापासून बसवलेला असतो, एवढं त्यांना माहीत होतं. त्यांनी यादी पाहिली. हिशेबाचा तक्ता होता, चित्रं काढायचा रंगवाला होता, साधा मजकूर लिहायची वही होती. प्लेअर नव्हता. जिथे त्याची जागा असायला हवी, तिथे पडलेल्या दाताच्या जागेसारखी नुसती मोकळी पोकळी.

मग त्यांनी फाइल मजकुराच्या वहीतच उघडली. पडदाभर चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटे-सुलटे अल्पविराम आणि मधूनच एखादं इंग्रजी अक्षर. दुसरा कुणी असता तर त्याने बंद केलं असतं. धाकट्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. नऊ पानं वाचली. थोरल्यांचा स्वभाव बघता त्यांनी मुद्दामच असं काही लिहिलं असेल, ही शक्यता त्यांना पूर्ण नाकारता येईना.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे होमिओपॅथीचे डॉक्टर जिन्यात भेटले. धाकट्यांनी सहज विचारतोय असं दाखवून विचारलं. डॉक्टर लगेच आत येऊन खुर्ची ओढून बसले.

"कधीपासून आहे हे?"

"कालपासून. म्हणजे मला कळलं काल."

"सकाळी जास्त जाणवतं की संध्याकाळी?"

"डॉक्टर, प्लेअरच नाहीये. तो सकाळी नाही आणि संध्याकाळीही नाही."

"हं." डॉक्टरांनी यंत्राच्या पाठीवर हात ठेवला. "अंग गरम लागतंय. यापूर्वी काही आघात? पडला होता का? स्थलांतर?"

"ऑफिसातून घरी आणला."

"तेच! वातावरण बदललं की हे असं होतं. मूळ कारण शोधल्याशिवाय वरवरचे उपाय करायचे नाहीत." मूळ कारण शोधता शोधता त्यांनी असं काही दाबलं, की पडदा आडवा झाला. उरलेला दिवस धाकट्यांनी मान उजव्या खांद्यावर टाकून काढला. संध्याकाळी मान धरली, तेव्हा डॉक्टरांनी त्यावर साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या.

शेजारच्या शिवणकाकू, ज्या घरीच शिवणाचा वर्ग चालवत, त्यांना भिंतीपलीकडे सगळं ऐकू गेलंच होतं. त्या हातात टेप घेऊन दारात आल्या.

"एवढंसं तर काम! आणा इकडे ते. आमच्या टीव्हीला मागे भोक आहे, त्यात घातलं की वाजतं. मी परवा माझ्या भाचीच्या बारशाचं... म्हणजे बारशातल्या नाचाचं बघितलं."

"नको."

"का हो? चार बायका शिवायला बसल्यात, त्यांनाही विरंगुळा."

हेच तर नको होतं. धाकट्यांच्या मनात एकच भीती होती, की त्या चार मिनिटांत दुसरा किस्सा असणार. थोरल्यांच्या पोतडीत किश्शांना तोटा नव्हता. लहानपणी धाकट्यांनी शाळेत स्वतःच्या गैरहजेरीचा अर्ज स्वतःच हजर राहून दिला होता, त्याचा किस्सा अजून चारचौघांत आलेला नव्हता. एका हॉलभर माणसांसमोर एकदा झालं ते झालं. आता चार शिलाई मशिनांसमोर पुन्हा?

"काकू, खाजगी आहे," ते म्हणाले.

काकूंनी भुवया उंचावल्या आणि टेप गळ्यात टाकली. "बरं बाई. या वयात खाजगी." पंधरा मिनिटांत भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. तो कदाचित दुसऱ्याच कशाचा असेल, पण धाकट्यांनी तो आपल्याच खात्यात जमा केला.

खरं सांगायचं तर उपाय होते. कुणाचा तरी मोबाइल मागून घेऊन कोपऱ्यात जाता आलं असतं. बाजारात जाऊन एखाद्या दुकानदाराला पाच मिनिटं बाहेर उभं राहा म्हणता आलं असतं. सरळ फोन उचलून "दादा, काय म्हणतोयस?" असं विचारता आलं असतं. पण पत्र न वाचता उत्तर देणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. शिवाय फाइल वाजत नाही तोवर ती ऐकावी लागत नव्हती. दिवसभर खटपट केल्याचं समाधान मिळत होतं आणि जे ऐकायची धास्ती होती ते लांब राहत होतं. यंत्राने त्यांची गैरसोय केली, असं ते सगळ्यांना सांगत. सोय किती केली, ते कुणाला सांगण्याजोगं नव्हतं.

सोमवारी दुरुस्तीवाला आला. कंबरेला पट्टा बांधलेला, खाली वाकताना "आई गं" म्हणणारा आणि वर येताना "आई गं" म्हणणारा गृहस्थ. त्याने यंत्राची झाकणं उघडली, धूळ फुंकली, ती स्वतःच्या डोळ्यात घालून घेतली आणि मग खुर्चीत बसून बराच वेळ टकटक केली.

"काका, प्लेअर हरवलेला नाही. काढलाय."

"कुणी?"

"मुद्दाम काढलाय. ऑफिसचं यंत्र ना? वरून हुकूम सुटलेला दिसतोय. आणि नुसता काढला नाही, कुणी पुन्हा बसवू नये म्हणून कुलूप घातलंय. दुसरा प्लेअर टाकायला गेलं, तरी पासवर्ड मागतो." त्याने कौतुकाने मान हलवली. "ज्याने कुणी हे केलंय ना, फार जळका माणूस असला पाहिजे. कुणी दोन घटका गाणं ऐकलेलंही त्याला बघवलं नाही."

"असतात अशी माणसं," धाकटे म्हणाले.

"मी सगळं पुसून नवं टाकून देतो. पण यातलं काही राहणार नाही."

"माझी आवक-जावक नोंदवही?"

"जाईल."

धाकटे हादरले. सहा वर्षांच्या एकशे चव्वेचाळीस नोंदी होत्या त्यात. "पुसायचं नाही," ते म्हणाले. "पासवर्ड मी आणतो. खातं माझंच आहे."

मंगळवारी ते इस्त्रीचा सदरा घालून खात्यात गेले. त्यांच्या जुन्या खुर्चीवर आता एक तरुण बाई बसत होत्या. टेबल तेच होतं. काचेखाली धाकट्यांनी स्वतः लावलेला सुट्ट्यांचा तक्तासुद्धा तोच होता, सहा वर्षांपूर्वीचा. त्यांना वाटलं होतं, आपण आत गेलो की खुर्च्या सरकतील. बाईंनी वर न बघता विचारलं, "अर्ज आणलाय?"

"मी इथंच चौतीस वर्षं..."

"हो, पण अर्ज?"

धाकट्यांनी अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, महोदय, सगळं रीतसर. बाईंनी वाचला. "संदर्भात मूळ आदेशाचा जावक क्रमांक नाही. ज्या आदेशाने प्लेअर काढला, त्याचा क्रमांक द्या, मग संगणक कक्षाला लिहिता येईल."

"तो मला कुठून माहीत असणार?"

"नियम आहे, काका. मागच्या हेडक्लार्कने घालून दिलाय. क्रमांकाशिवाय कागद पुढे सरकवायचा नाही."

मागचा हेडक्लार्क खाली मान घालून बाहेर आला.

बुधवारी जुन्या फायलींच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे असते तो रजेवर होता. गुरुवारी तो आला, पण किल्ली घरी विसरला होता. शुक्रवारी धाकटे साडेआठलाच जाऊन कचेरीच्या बाकावर बसले. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजले, साडेनऊ वाजले. एक झाडूवाली आली आणि तिने त्यांना पाय वर घ्यायला सांगितलं. ते पाय वर घेऊन बसले. तो नऊचा ठोका त्यांना पुढे फार आठवायचा होता. तेव्हा त्यांनी त्याच्याकडे बघून फक्त जांभई दिली.

अकरा वाजता फायलींची खोली उघडली. धाकट्यांना आत गेल्यावर बरं वाटलं. गठ्ठे त्यांनी स्वतः बांधलेले, फितीच्या गाठी त्यांच्याच. दोन तासांत त्यांनी हवा तो कागद काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"कार्यालयीन संगणकांवर गाणी व चित्रफिती वाजवण्याची सोय असल्याने कर्मचारीवर्गाचे लक्ष विचलित होऊन कामाचा खोळंबा होतो. सबब सदर सोय सर्व संगणकांवरून तात्काळ काढून टाकावी." खाली साहेबांची सही. इथवर ठीक होतं. पण समासात निळ्या शाईत, बारीक, टोकदार अक्षरात एक वाढीव ओळ घातलेली होती. "व ती पुन्हा कोणासही, कोणत्याही कारणास्तव बसवता येणार नाही, अशी कायमस्वरूपी तजवीज करावी."

अक्षर धाकट्यांचं होतं. मागे दोन कागद टाचलेले होते. ती संगणक कक्षाला या कामाची आठवण करून देणारी पत्रं होती. तीही त्यांचीच.

ते तिथेच एका गठ्ठ्यावर बसले. त्यांना तो दिवस आठवला. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी हळू आवाजात गाणं लावलं होतं आणि दोघं-तिघं हसत होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. तेव्हा त्यांनी निळं पेन उचललं होतं.

सोमवारी पासवर्ड मिळाला. लाखेचा शिक्का मारलेल्या पाकिटात, दोन सह्या करून. धाकट्यांनी घरी येऊन पाकीट कात्रीने कापलं. आत लिहिलं होतं, एक ते आठ आकडे, ओळीने.

दुरुस्तीवाल्याने "आई गं" म्हणत प्लेअर बसवला आणि तो गेला. धाकट्यांनी कडी लावली, खिडकी लावली, दोनदा टिचकी मारली.

आधी खरखर. मग वहिनींचा आवाज लांबून, "अहो, लागलंय ते, तांबडा दिवा आलाय." मग तो आवाज.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं! चुकलेल्या धाकट्याने फलाट क्रमांक एकवर..."

"अहो, सरळ बोला की."

"बरं." थोरले खाकरले. आवाज तोच होता, पण कडांना घासल्यासारखा. "धाकट्या, मी फोन केला तर तू ठेवतोस. म्हणून हे. हे ठेवलंस तरी पुन्हा लावता येतं. ऐक. तुझ्या त्या समारंभात मी जो किस्सा सांगितला, तो चांगला होता. त्याबद्दल माफी मागणार नाही. पण तो आपल्या घरातला होता. तू मला जेवताना सांगितला होतास, हसत हसत, फक्त मला. तो मी बाहेर नेला. त्याची मागतो."

पाण्याचा पेला उचलून ठेवल्याचा आवाज.

"दुसरं. माझ्या घशात गाठ निघालीय. पुढच्या शुक्रवारी सकाळी नऊला आवाजाची पेटी काढून टाकणार आहेत. जीव राहील म्हणतात. आवाज नाही राहायचा. तर तोवर फोन कर. मी काही केविलवाणं बोलणार नाही, घाबरू नकोस. तू भांड. सहा वर्षांचं जे काय साठलं असेल ते काढ. मला उत्तर द्यायचंय रे. नंतर तू एकटाच भांडशील, त्यात काय मजा? शुक्रवारपर्यंत मी फोन जवळच ठेवतो. झालं. बंद कसं करायचं गं हे?"

"ते तिथे दाबा."

"इथे?"

"तिथे नाही हो..."

चार मिनिटं अठरा सेकंद संपली होती. प्लेअर फार गुणी होता, त्याने विचारलं, पुन्हा वाजवू?

धाकट्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. शुक्रवार जाऊन तीन दिवस झाले होते.

दुपारच्या गाडीने ते निघाले. दवाखान्यात थोरल्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. वहिनी दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी धाकट्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, फोन उशाशी घेऊन झोपायचे. शुक्रवारी आत नेताना मला म्हणाले, जरा थांब, वाजेल. ती नर्स बिचारी पाच मिनिटं थांबली."

"वहिनी, तो प्लेअर..." धाकटे म्हणाले आणि थांबले. पुढे काय सांगायचं?

थोरले उशांना टेकून बसले होते. गळ्याला पांढरा पट्टा, त्यातून एक नळी. हातात शाळेतल्या मुलांची असते तशी एकरेघी वही. धाकट्यांना बघून त्यांनी बाजूच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. धाकटे बसले. खोलीत एका यंत्राचा बारीक आवाज होता, तेवढाच. आयुष्यभर या दोघांच्या मधली शांतता भरून काढायचं काम ज्याचं होतं, तो आता नुसता बघत होता. धाकट्यांच्या लक्षात आलं, की आता आपण बोललो नाही तर कुणीच बोलणार नाही.

"उशीर झाला," ते म्हणाले. "उशिराची कारणं पुढीलप्रमाणे."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्यांना दुसरं काही सांगता येत नव्हतं. दारात अडकलेलं पाकीट सांगितलं. नऊ पानं चौकोन वाचल्याचं सांगितलं. डॉक्टरांनी यंत्राची विचारलेली लक्षणं सांगितली. थोरल्यांचे डोळे बारीक झाले. आडव्या पडद्यापाशी आल्यावर त्यांचे खांदे हलायला लागले. धाकट्यांना आधी वाटलं, त्रास होतोय. ते वहिनींना हाक मारायला उठले, तर थोरल्यांनी त्यांचा सदरा धरून खाली बसवलं. ते हसत होते. तोंड उघडं, खांदे गदागदा, आणि आवाज काहीच नाही.

"टाके आहेत हो, हसवू नका त्यांना," वहिनी दारातून म्हणाल्या, पण त्या स्वतः आत येऊन उभ्या राहिल्या.

धाकट्यांनी जन्मात कुणाला हसवलं नव्हतं. त्यांनी खात्यातल्या बाईंचं 'नियम आहे, काका' सांगितलं, मग समासातली निळी ओळ सांगितली. अक्षर कुणाचं ते सांगितलं. थोरल्यांनी पलंगाच्या कडेवर हात आपटला, एकदा, दोनदा, आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते कशाचं होतं, ते कुणी विचारलं नाही. वहिनींनी पदराने पुसलं. थोरल्यांनी वही ओढली आणि लिहिलं.

"अक्षर कुणाचं ते आधी फोडायचं नसतं. 'नियम आहे, काका' म्हटलं, की तिथे नुसतं गप्प बसायचं. लोकांना कळू द्यायचं."

खाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली. "पण बरं सांगतोस."

धाकट्यांना म्हणायचं होतं ते राहिलंच. चार दिवस ते तिथे राहिले. औषधं आणली, नर्सशी वाद घातला, खिडकीचा पडदा वर-खाली केला. ते एक वाक्य रोज तोंडापर्यंत येत होतं आणि रोज कुणीतरी तापमान घ्यायला येत होतं. निघताना वहिनी जिन्यापर्यंत आल्या. "फोन करत जा, भाऊजी. ते बोलणार नाहीत, पण ऐकतील. आम्ही ठरवलंय, पेल्यावर चमच्याने वाजवायचं. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही."

तेव्हापासून धाकटे रोज संध्याकाळी सहाला फोन करतात. पहिल्या दिवशी त्यांनी अडीच मिनिटांत सगळं संपवलं. मग हळूहळू जमायला लागलं. शिवणकाकूंनी डॉक्टरांच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या बेतल्या, ते सांगितलं. दिवसभर ते सांगण्याजोगं काही दिसतंय का, ते बघत फिरतात. दुपारी कागदावर मुद्दे काढतात. मध्येच पलीकडे चमचा वाजतो, कधी भराभर, बऱ्याच वेळा. ते हसणं असतं, असं वहिनी सांगतात.

एका संध्याकाळी सांगायचं सगळं झालं, तरी धाकट्यांनी फोन ठेवला नाही. कागद उपडा करून ठेवला. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"दादा," ते म्हणाले. "मी त्या शुक्रवारच्या आत फोन करायला हवा होता. प्लेअर नव्हता तरी करता आला असता."

पलीकडून श्वास ऐकू येत होता, नळीतून येणारा, शिट्टीसारखा. धाकट्यांनी रिसीव्हर कानाला घट्ट दाबला. आता दोनदा वाजेल, असं त्यांना वाटत होतं. दोनदा वाजावं, असंही वाटत होतं.

पेल्यावर चमचा एकदा वाजला.

धाकटे थांबले. दुसरा ठोका आला नाही. पण फोनही बंद झाला नाही. श्वास येत होता, जात होता. आणि ते दोघं बराच वेळ फोन तसाच धरून बसले.